अर्जात ‘धोकादायक झाड’ एवढंच लिहू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सोसायटीच्या फाटकासमोर रस्त्यावर पर्जन्यवृक्ष आहे, त्याची एक मोठी फांदी वाळली आहे, खाली गाड्या लागतात, मुलं खेळतात. नगरपालिकेत ‘धोकादायक झाड त्वरित काढावे’ असा अर्ज देऊन दीड महिना झाला, अजून कोणी फिरकलं नाही. आता सोसायटीनेच माणूस लावून फांदी तोडावी का, असं तुम्ही विचारलंय.

तोडू नका. रस्त्यावरचं झाड नगरपालिकेचं असतं आणि 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळंच येतं. उद्या कोणी तक्रार केली तर सोसायटीच्या सचिवांना उत्तर द्यावं लागेल. पण मला त्याहून जास्त काळजी तुमच्या अर्जाची वाटते. तो आधी बदला.

मी एका नगरपालिकेच्या उद्यान विभागात एकोणीस वर्षं पर्यवेक्षक होतो. मे महिन्यात टेबलावर अर्जांचा ढीग असायचा आणि त्यातल्या बहुतेकांत तुमचंच वाक्य. असा अर्ज आला की कार्यालय त्याला झाडतोडीचा अर्ज समजतं. पाहणीला जाणाऱ्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: ठेवलं आणि पडलं तर सही कोणाची? माझ्याच काळात एका शाळेच्या कोपऱ्यावरचा जुना पर्जन्यवृक्ष असा गेला. अर्जात ‘धोकादायक’ होतं, पाहणी पाच मिनिटांची झाली आणि पंचनाम्यावर मीही सही केली. बुंधा आडवा झाल्यावर पाहिलं तर आतलं लाकूड कडेपासून कडेपर्यंत घट्ट, चॉकलेटी, ओलसर. ढोली नाही, बुरशी नाही. वाळलेली होती ती एक फांदी. ती सही मला अजून टोचते, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

तेव्हा आधी झाडाजवळ जा आणि नीट बघा. बुंध्याच्या बुडाशी, मातीला लागून, बशीसारखी कडक बुरशी उगवली आहे का? वरून तपकिरी चकचकीत आणि कडेला पांढरी अशी असेल, तर मुळं कुजत असण्याची शक्यता मोठी. गुलमोहराला हे फार होतं आणि तिथे खरंच घाई करावी. झाड कललं असेल तर कलाच्या उलट बाजूची जमीन उचलली गेली आहे का, तिला ताजी भेग आहे का, तेही पाहा. लाकडी हातोडीने बुंधा चारी बाजूंनी ठोका. एखाद्या बाजूला भद्द आवाज आला तर आत पोकळी असू शकते. यातलं काही नसेल आणि फक्त एक फांदी वाळली असेल, तर तुमचं झाड धोकादायक नाही, ती फांदी धोकादायक आहे. अर्जात तेच लिहा: ‘जमिनीपासून अंदाजे इतक्या फुटांवरची, रस्त्याच्या बाजूची एक वाळलेली फांदी बुडापासून काढावी. शेंडा व इतर जिवंत फांद्या तोडू नयेत.’ दोन फोटो जोडा, एक पूर्ण झाडाचा आणि एक त्या फांदीचा. अर्ज वृक्ष अधिकाऱ्यांच्या, म्हणजे झाडांच्या परवानग्या पाहणाऱ्या नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांच्या, नावे द्या आणि पोच घेताना आवक क्रमांक टाकून घ्या. नुसता शिक्का पुरेसा नाही. अर्ज शोधायला तो क्रमांकच लागतो.

दीड महिना का लागला, तर छाटणी आज बहुतेक ठिकाणी ठेक्याने होते. शिडीची गाडी एक, प्रभाग अनेक, आणि मेमध्ये ती पावसाळापूर्व कामांत अडकलेली. उघड्या तारांखालच्या फांद्या वीजवाले आपल्या सोयीने तोडतात, पेव्हर ब्लॉक बांधकाम विभाग बसवतो, आणि झाड पडलं की जाब उद्यान विभागाला. या तिघांची एकत्र पाहणी मी क्वचितच पाहिली.

माणसं येतील त्या दिवशी सोसायटीतलं कोणीतरी घरी थांबा. फांदी खोडाला मिळते तिथे थोडी सुजल्यासारखी कड असते. जखम भरून येण्याची सगळी ताकद त्या कडेत असते. काप तिच्या जरा बाहेर पडला तर काही वर्षांत चारी बाजूंनी नवी साल सरकत येते. काप खोडाला अगदी घासून घेतला तर ती कडच जाते. हातभर खुंट सोडला तर तो कुजतो आणि कुज खोडात उतरते. मोठी फांदी तीन कापांत काढायची. पहिला खालून, खोडापासून फूटभर अंतरावर. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे, म्हणजे वजन गेलं तरी साल सोलत खाली येत नाही. आणि शेवटी उरलेला खुंट. मुकादमाला हे शांतपणे, आधीच सांगा. जुने माळी हे तुमच्यापेक्षा चांगलं जाणतात. अडचण रोजंदारीवर नव्याने आलेल्या मुलांची असते. त्यांच्या हातात कोयता असतो आणि शिकवलेलं कोणी नसतं. कापावर डांबर फासायचा आग्रह मात्र धरू नका, त्याने कुज थांबत नाही. आणि घरटी आधी बघा. पर्जन्यवृक्षावर पावसाळ्यात बगळ्यांची वसाहत असते. अंडी-पिल्लं असताना फांदी पाडणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

शेंडा छाटून झाड ‘बुटकं’ करा, अशी मागणी सोसायट्या हमखास करतात. करू नका. छाटलेल्या जागी धुमाऱ्यांचा झुबका येतो, तो खोडात मुरलेला नसतो, सालीला नुसता चिकटलेला असतो. तीन-चार वर्षांनी तेच धुमारे मांडीएवढे होऊन वाऱ्यात निखळतात.

आता बुंध्याजवळची जमीन. तुमच्या फोटोत ब्लॉक थेट सालीला भिडलेत. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात आणि त्यांना हवा लागते. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट बुंध्यापासून 1 मीटरपर्यंत काढायला सांगितलं होतं. त्याचा हवाला देऊन दुसरा अर्ज बांधकाम विभागाला द्या, प्रत वृक्ष अधिकाऱ्यांना. ब्लॉक हाताने, पहारीने उचकटायला सांगा, जेसीबी नको. आम्ही एका चौकात असं आळं मोकळं केलं तेव्हा ब्लॉकच्या खाली मुळं चपटी होऊन शिवणीशिवणीतून धावत होती, चौकटीचा ठसा अंगावर घेऊन. कामगारांनी ती न तोडता वर कुजलेला पालापाचोळा पसरला. पुढच्या उन्हाळ्यात वरच्या उघड्या फांद्यांवर पालवी दाटली.

अर्ज करूनही झाडच तोडायचा प्रस्ताव निघाला, तर झाडावर नोटीस लागते आणि वर्तमानपत्रात जाहिरात येते. त्यानंतर हरकतीला 7 दिवस मिळतात. नोटीस पुष्कळदा रस्त्याच्या उलट बाजूला चिकटवलेली असते, तेव्हा फेरी मारून बघत जा. त्याच 1975 च्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. म्हणून वयाची नोंद फार मोलाची. दर 5 वर्षांनी वृक्षगणना करणं कायद्याने बंधनकारक आहे. माहिती अधिकारात तुमच्या झाडाची गणनेतली नोंद मागवा, प्रजाती, घेर, उंची, वय. छाटणीच्या ठेक्याच्या अटीशर्तीही त्याच अर्जात मागा. घरपट्टीच्या पावतीवर ‘वृक्षकर’ अशी ओळ दिसेल, तो पैसा तुमचाच आहे, तेव्हा विचारायला संकोच नको.

फांदी उतरेपर्यंत खाली दोरी बांधा, गाड्या दुसरीकडे लावा आणि मुलांना तिथे खेळू देऊ नका. जोराच्या वाऱ्यात फांदी करकरू लागली किंवा खोडाशी फट दिसली, तर अर्जाची वाट न बघता अग्निशमन दलाला फोन करा; अशा फांद्या तेही उतरवतात. बुडाशी ती बुरशी दिसली तर इथेच जवळून घेतलेला फोटो टाका, मी पाहून सांगतो.