ज्यूटच्या पिशवीला बुरशी आली, आता काय?

प्रश्न: ताई, गेल्या वर्षी प्लास्टिक सोडायचं ठरवलं आणि शुक्रवारच्या बाजारासाठी ज्यूटच्या दोन पिशव्या घेतल्या. जुलैत कपाट उघडलं तर एकीवर काळे डाग, कुबट वास, दुसरीला मात्र काहीच नाही. मग हा ताग टिकाऊ कसा? आणि शेतात खतासाठी पेरतात तोच ताग का हा?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: आधी ती न बिघडलेली पिशवी आतून बघा. चकचकीत, गुळगुळीत अस्तर लागतंय का हाताला? असेल तर ते प्लास्टिक आहे, पाणी आत जाऊ नये म्हणून तागावर चिकटवलेलं, आणि अशी पिशवी फाटली की ना धड कुजत ना दोन्ही वेगळं करता येत, त्यामुळे मला ती अजिबात आवडत नाही. बुरशी आली तीच खरी ज्यूटची हो!

टिकाऊ या शब्दाने घोळ होतो. पिशवी कायम राहील असं नाही, तर ती बनताना आणि संपताना जमिनीवर फारसा भार पडत नाही, एवढाच अर्थ. ताग हे साधारण चार महिन्यांचं पीक, बंगाल, बिहार, आसामात पावसावर वाढतं. कापलेल्या कांड्यांच्या जुड्या दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात, सूक्ष्मजीव सालीतला चिकटपणा खातात आणि मग हातानेच धागा सुटतो. म्हणजे धागा सालीतला, आपण चतुर्थीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला कुंभ्याच्या झाडाच्या सालीचे दोर काढतो ना तसाच. कोलकात्याजवळ रिश्र्याला 1855 मध्ये पहिली गिरणी निघाली, तेव्हापासून आपली गोणपाटं, सुतळी तिकडूनच येतात. धाग्यात सेल्युलोज भरपूर, बुरशीला तेच हवं असतं आणि आपल्याकडची पावसाळी हवा म्हणजे तिला आमंत्रणच.

शेतातला ताग वेगळा, त्याला बोरू पण म्हणतात. तो शेंगवर्गातला, मुळांच्या गाठींत नत्र धरतो, म्हणून फुलावर आला की जमिनीत गाडतात. त्याच्याही सालीचे दोर होतात, नाव एक पडलं ते बहुतेक त्यामुळेच असावं असं मला वाटतं.

आता डागवाल्या पिशवीचं सांगते. बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, नाकाला रुमाल बांधून, मग वाऱ्यावर वाळवा, दिवसचे दिवस कडक उन्हात ठेवू नका कारण तागातलं लिग्निन, म्हणजे धाग्याला कडकपणा देणारं द्रव्य, उन्हाने पिवळं पडतं आणि धागा कमजोर होतो. पुढच्या पावसात कपाटात कोंबू नका, खुंटीला मोकळी टांगा, मासळी तिच्यात आणू नका. शिवण ओढून बघा, तुटली तर पट्टे, बटणं काढा, कापड उसवून परसातल्या माडाच्या आळ्यात अंथरा, वर थोडा पालापाचोळा टाका, ओल धरून ठेवेल आणि हळूहळू मातीत जाईल.