पंधरा दिवसांत नेटवर्कची चाचणी

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची साठ जणांची कंपनी आहे. दोन ऑफिसं, मध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरून आतल्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट), एक फाइल सर्व्हर आणि एक अकाउंट्सचा. एका मोठ्या ग्राहकाने पंधरा दिवसांत नेटवर्क सिक्युरिटी टेस्टचा रिपोर्ट मागितला आहे. एक जण म्हणतो, दोन तासांत स्कॅन करून देतो. दुसरा म्हणतो, सगळं नीट बघायला दीड महिना लागेल. कुणाचं ऐकावं?

उत्तर : दोन तासांत मिळेल तो स्कॅनरने, म्हणजे नेटवर्कमधल्या त्रुटी आपोआप शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने, काढलेला रिपोर्ट. तो वाया जात नाही. जुनी सॉफ्टवेअर, राहून गेलेले पॅच (त्रुटी बुजवणारे अपडेट) त्यात बरोबर सापडतात. ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरचंच (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) बघा. मायक्रोसॉफ्टने पॅच दिला १४ मार्च २०१७ला, हल्ला झाला १२ मे रोजी. मधल्या काळात ज्यांनी नेटवर्क स्कॅन करून पॅच टाकला, ते वाचले. पण स्कॅनर एकेका मशीनपुरतं बोलतो. एका मशीनवरून दुसऱ्यावर आणि तिथून पुढे कसं जाता येतं, हे माणसालाच जोडून बघावं लागतं.

दीड महिन्याची चाचणी पुढे जरूर करा, आत्ता तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. पाच दिवसांत चांगलं काम होतं, फक्त टेस्टरला एकच नेमका प्रश्न द्या. ‘आमचं नेटवर्क सुरक्षित आहे का’ असं विचारलंत तर तो सगळीकडे थोडं थोडं बघेल आणि हाती काहीच लागणार नाही. त्यापेक्षा असं विचारा : आमच्या एका कर्मचाऱ्याचा कॉम्प्युटर परक्याच्या ताब्यात गेला, तर तिथून तो अकाउंट्सच्या सर्व्हरपर्यंत आणि बॅकअपपर्यंत पोचेल का?

मागे एका कंपनीत मी हाच प्रश्न घेऊन गेले होते. मीटिंग रूमच्या भिंतीवरच्या लॅन पॉइंटला (नेटवर्कच्या सॉकेटला) लॅपटॉप जोडला, लगेच आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, मिळाला. एनमॅप (नेटवर्कवर काय काय आहे ते शोधणारं साधन) चालवला तर कॉम्प्युटर, सर्व्हर, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, बॅकअपचा डबा, सगळं एकाच सपाट नेटवर्कमध्ये, मध्ये कसलीच आडकाठी नाही. प्रिंटरच्या सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडलं. पासवर्ड प्रिंटर बनवणाऱ्यांनी दिलेलाच होता, कुणी बदललाच नव्हता. स्कॅन केलेला कागद ईमेलने पाठवताना पत्ते शोधता यावेत म्हणून त्या प्रिंटरमध्ये डिरेक्टरी सर्व्हरचं (सगळ्यांची खाती आणि पत्ते ठेवणाऱ्या सर्व्हरचं) एक लॉगिन भरून ठेवलं होतं. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसत होते. मी सर्व्हरच्या पत्त्याच्या जागी माझ्या लॅपटॉपचा पत्ता टाकला आणि ‘टेस्ट’चं बटण दाबलं. प्रिंटरने ते लॉगिन पासवर्डसकट, उघड्या अक्षरांत माझ्याकडे पाठवून दिलं. बसवताना कुणीतरी घाईत थेट सगळ्या नेटवर्कवर अधिकार असलेलं डोमेन अ‍ॅडमिनचं खातं वापरलं होतं. दुपारपर्यंत मी बॅकअपच्या फोल्डरमध्ये होते.

त्यांच्याकडे स्कॅनरचा रिपोर्ट आधीपासून होता. त्यात हा प्रिंटर होता, ‘मध्यम’ धोका म्हणून, कितीतरी पानं मागे. तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. म्हणून मी एवढ्या कळकळीने सांगते आहे. अशा वेळी रॅन्समवेअरवाला आत असता तर मूळ डेटाही गेला असता आणि बॅकअपही.

तुमच्या पाच दिवसांतला पहिला दिवस बाहेरून बघण्यात जाऊ द्या, कारण तुमच्याकडे व्हीपीएन आहे. २०२१ साली अमेरिकेत कलोनियल पाइपलाइनमध्ये हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यावरून. त्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती. इंधनाची ती वाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली. तेव्हा सोडून गेलेल्यांची खाती बंद झालीत का, ओटीपी सगळ्यांना लागू आहे का, हे टेस्टर यायच्या आधीच तुम्ही बघून घ्या. टेस्टरला एवढं विचारा की, पोर्ट, म्हणजे मशीनमध्ये शिरायची दारं, किती तपासणार? टीसीपी या नेहमीच्या जोडणी-पद्धतीचे पोर्ट ६५,५३५ असतात आणि एनमॅपला वेगळं सांगितलं नाही तर तो नेहमीच्या वापरातले १,००० च बघतो. कुणीतरी रिमोट डेस्कटॉप (दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय) त्याच्या नेहमीच्या ३३८९ पोर्टवरून हलवून भलत्याच पोर्टवर ठेवलेला असतो, तो मग निसटतो. त्यानंतरचे तीन दिवस आतून, वरच्या प्रश्नावर. पाचवा दिवस लिहायला.

लेखी परवानगीशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. कागदावर आयपींची यादी, वेळ, काय करायचं नाही आणि काही बंद पडलं तर कुणाला फोन करायचा हे हवं, खाली मालकाची सही. जुने प्रिंटर आणि कंट्रोलर नुसत्या स्कॅननेही हँग होतात, ते आधी सांगा. सर्व्हर किंवा साइट दुसऱ्याकडे होस्ट केली असेल तर त्यांचे नियमही बघा.

आणि रीटेस्ट आधीच ठरवून घ्या, बहुतेक जण हे विसरतात. पंधरापैकी पाच दिवस चाचणी, आठवडाभर दुरुस्ती, मग सापडलेल्या गोष्टी पुन्हा तपासायला एक-दोन दिवस. ग्राहकाला ‘सापडलं, दुरुस्त केलं, पुन्हा तपासलं’ असा रिपोर्ट द्या. काय तपासलं नाही तेही त्यात स्पष्ट लिहा. जाणता ग्राहक त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

प्रश्न : आम्ही नुकतीच नवी फायरवॉल बसवली. आता लगेच चाचणीची गरज आहे का?

उत्तर : आहे, पण त्याआधी नियम साफ करा. बॉक्स नवा असला तरी काय आत-बाहेर जाऊ द्यायचं याचे नियम बहुधा जुन्या फायरवॉलवरून जसेच्या तसे उचललेले असतात. एखाद्या व्हेंडरला दोन दिवसांसाठी म्हणून उघडलेला ‘एनी टू एनी’ (कुणालाही कुठेही जाऊ देणारा) नियम वर्षानुवर्षं तसाच असतो. आजच नियमांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर तो कुणी, कशासाठी मागितला ते लिहा. ज्याच्यापुढे नाव लिहिता येत नाही, त्याचा हिट काउंट (तो किती वेळा वापरला गेला) महिनाभर बघा. शून्यच राहिला तर नियम आधी डिसेबल करा, कुणाची तक्रार आली नाही की काढून टाका. मग टेस्टरला बोलवा.