मे महिन्यात दोघी मैत्रिणी, एक गाडी

प्रश्न : मी परभणीत शाळेत शिकवते. वय अठ्ठेचाळीस. माझी जिवलग मैत्रीण पुण्यात मोठ्या पगाराच्या नोकरीत आहे. अंबाजोगाईला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. यंदा मेमध्ये तिला चार दिवस सुट्टी मिळतेय, तेव्हा माझी छोटी गाडी काढून दोघींनीच मराठवाडा फिरायचं ठरवतोय. वेरूळ, अजिंठा, देवगिरी, पैठण, अंबाजोगाई, तेर, तुळजापूर, नळदुर्ग अशी यादी तिनं पाठवलीय. गाडी मी एकटीच चालवणार, तिला येत नाही. घरचे म्हणतात, या उन्हात इकडं कुणी फिरतं का, महाबळेश्वरला जा. शिवाय खर्चाचं तिच्याशी कसं बोलावं तेही कळेना. जावं का?

उत्तर : जा. नक्की जा. मात्र ती यादी निम्मी करा.

आधी उन्हाचं बोलू. परभणीत राहता म्हणजे मेमधलं बेचाळीस-त्रेचाळीस काय असतं ते तुम्हाला माझ्याकडून ऐकायला नको. पण घरात बसून सोसलेलं ऊन वेगळं आणि रस्त्यावरचं वेगळं. गाडीत एसी असला तरी काचेतून येणारी तिरीप हातावर, मांडीवर पडत राहते, डोळे शिणतात, आणि चालवणारी एकटी असली की दुपारी दोनच्या सुमाराला झापड येतेच. म्हणून सगळा बेत घड्याळावर बांधा. पहाटे पाचला निघायचं, दहाच्या आत मुक्कामी पोचायचं. मग पाच वाजेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. संध्याकाळी जवळपासचं एखादं ठिकाण, आणि अंधार पडायच्या आत परत खोलीवर.

दुपारचे ते सहा-सात तास वाया गेले असं मैत्रिणीला वाटेल. तिला सांगा, आपण त्याच्याचसाठी निघालोय. मी आरोग्य खात्यात होते. केज, धारूर, माजलगावकडच्या वाड्या-वस्त्या आम्ही दोघी सिस्टर जीपनं पालथ्या घालायचो. जीपच्या पुढं कॅनव्हासची छागल टांगलेली असायची. चालत्या गाडीचा वारा लागून तिच्यातलं पाणी गार व्हायचं, त्याला ओल्या कापडाचा वास यायचा, आणि बूच काढून तोंडाला लावली की निम्मं पाणी पदरावर सांडायचं. दुपारी एखाद्या गावाच्या मारुतीच्या पारावर, लिंबाच्या सावलीत आम्ही थांबायचो. धपाटे सोडायचे, शेंगदाण्याची चटणी, कांदा. ड्रायव्हरमामा पलीकडं झोपलेले. माझ्या सोबतच्या सिस्टरच्या लग्नाचं कसं फिसकटलं, तिच्या आईच्या आजारपणात कोण आलं आणि कोण आलं नाही, हे सगळं मला त्या दुपारींमध्ये कळलं. एरवी ड्यूटीवर रोज सोबत असूनही ते निघालं नसतं. एका खोलीत राहिलेल्या तुम्हा दोघींना एवढ्या वर्षांनी अशी रिकामी दुपार मिळतेय, ती रस्त्यावर घालवू नका.

आता यादी. वेरूळ, अजिंठा, देवगिरी आणि पैठण या खेपेला सोडा. ती बाजू स्वतंत्र तीन-चार दिवसांची आहे आणि दिवाळीनंतर जास्त सुखाची. वेरूळची चौतीस लेणी, देवगिरीची चढण हे मेच्या उन्हात उरकायचं काम नाही. तुम्ही दक्षिणेकडं उतरा.

पहिल्या दिवशी गंगाखेडवरून परळी. वैजनाथाचं दर्शन सकाळीच होईल. तिथून अंबाजोगाई जवळच आहे, नाश्त्याच्या वेळेला पोचाल. तिथली दुपार कशी काढायची ते मी सांगायला नको, तुमचं जुनं गाव आहे. खोलीमालकीण असतील तर जाऊन भेटा. संध्याकाळी योगेश्वरीला जा आणि तिथून मुकुंदराजांच्या समाधीला. बालाघाटाच्या दरीच्या तोंडाशी ती जागा आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ शके १११० मधला, म्हणजे इसवी सन ११८८ चा, ज्ञानेश्वरीच्या आधी शंभरेक वर्षं. मराठी शिकवत असाल तर तिथं उभं राहताना अंगावर काटा येईल. दासोपंतही याच गावचे. त्यांनी कापडावर लिहिलेल्या पासोडीबद्दल कॉलेजात ऐकलंच असेल.

दुसऱ्या दिवशी कळंब, ढोकी करत तेरला. सगळ्या मराठवाड्यातलं माझं लाडकं ठिकाण तेर आहे, म्हणून जरा जास्त लिहिते. गावात शिरताना वाटणारही नाही की हे दोन हजार वर्षांपूर्वीचं तगर, जिथला माल भडोचच्या बंदराकडं जायचा. तेरणेच्या काठी गोरोबाकाकांची समाधी. गावात त्रिविक्रमाचं देऊळ आहे. दगडाच्या या मुलखात ते विटांचं बांधलेलं आहे, आणि मागचा भाग बघा, जुन्या चैत्यासारखा गोलाकार. मग लामतुरे यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय. सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. तिथल्या हस्तिदंती बाईपाशी थांबा. मूर्ती तुटलेली आहे आणि आकारानं लहान, घाईत नजरेतून सुटते. जवळ वाकून बघा, केसांची रचना, दागिने किती बारकाईनं कोरलेत. इटलीतल्या पाँपेई शहरात सापडलेली हस्तिदंती मूर्ती हिच्याच वळणाची आहे. आपल्या कळंब-ढोकीच्या रस्त्यावरचं गाव आणि पाँपेई! संग्रहालय कधी उघडं असतं ते निघायच्या आधी फोन करून विचारा, नाहीतर चुटपुट लागेल.

दुपार धाराशिवला काढा, संध्याकाळी तुळजापूर. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळून दिवस धरा. पहाटेच रांगेत उभ्या राहा. ऊन चढल्यावर देवळातली फरशी पायाला अशी पोळते की दर्शनात लक्ष राहत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळदुर्ग. तिथले नर-मादी धबधबे आता कोरडे असतील, हे मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा, कारण तिनं फोटो पावसाळ्यातले पाहिलेले असणार. पण पाणीमहाल बघायचा तर मे वाईट नाही. बोरी नदी किल्ल्यात वळवून घेतली, तिच्यावर बंधारा घातला आणि त्या भिंतीच्या पोटात महाल बांधला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ मधलं हे काम. वर पाणी खेळतं आणि खाली माणसं कोरडी बसतात. बाहेर भगभग असताना पायऱ्या उतरून आत गेलं की हवा एकदम बदलते. खिडकीशी बसा थोडा वेळ. ज्याला हे सुचलं त्यानंही आपल्यासारखाच उन्हाळा सोसला असेल. उपळ्या बुरूज चढायचा तर नऊच्या आत.

चौथ्या दिवशी औसा, लातूर करत घरी.

गाडी तुम्ही एकट्या चालवणार, म्हणून रात्रीचा प्रवास अजिबात नको. मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या, लग्नसराईतून परतणाऱ्या जिपा आणि गोदाकाठी वाळूचे टिप्पर, हे सगळं अंधारातच सुसाट असतं. दुपारनंतर आभाळ काळवंडून वळवाचा पाऊस आला तर झाडाखाली थांबू नका. विजा पडतात. गाडी मोकळ्यावर घ्या आणि काचा लावून आतच बसा.

डिकीत पाण्याचा जार, ओआरएसच्या पुड्या, दोन सुती पंचे. पन्हं, ताक भरपूर प्या. दोघींपैकी कुणाला बीपीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात तिचं प्रमाण तेच ठेवायचं का, हे डॉक्टरांना विचारून निघा. लघवी जास्त होणारी गोळी असेल तर नक्कीच विचारा. डोकं जड, मळमळ, पायात गोळे आले की लगेच सावली आणि पाणी. अंग तापलंय आणि बोलणं असंबद्ध होतंय असं दिसलं तर मात्र तो उष्माघात समजा. अंग ओलं करत, वारा घालत १०८ ला फोन लावा. नीट शुद्धीवर नसलेल्या माणसाला पाणी पाजू नका.

पैशाचं. बेत तुमच्या खिशाला झेपेल असा ठरवा, तिच्या नाही, आणि आकडा तुम्हीच आधी बोला. "माझ्याच्यानं एवढंच होईल" एवढं वाक्य फोनवर सरळ सांगून टाका. जुन्या मैत्रिणीला त्यात वावगं वाटत नाही, उलट तीही अवघडलेली असते. निघताना दोघींनी सारखे पैसे एका पाकिटात टाकायचे आणि डिझेल-पेट्रोल, खोली, जेवण सगळं त्यातून. रोज रात्री हिशेब करत बसायचं नाही. ती एखाद्या दिवशी म्हणाली, आजची एसी खोली माझ्याकडून, तर घेऊ द्या. या दिवसांत नीट झोप लागणं हे गाडी चालवणारीच्या कामाचं आहे, त्यात मानापमान आणू नका.

घरच्यांशी वाद घालू नका. मुक्कामांची नावं, रोज निघायची आणि पोचायची वेळ एका कागदावर लिहून द्या. दहाला पोचल्याचा फोन करा. त्यांची काळजी खोटी नाही, पण महाबळेश्वरच्या गर्दीत गाडी घालण्यापेक्षा हा बेत मला जास्त सुरक्षित वाटतो.

आणि कुंथलगिरीचा पेढा परतीच्या दिवशीच घ्या. भाजून तपकिरी झालेला असला तरी शेवटी खव्याचा आहे, बंद गाडीच्या भट्टीत टिकणार नाही.

प्रश्न : मी आणि माझा मित्र लातूरहून मोटरसायकलवर अजिंठ्याला निघतोय. वाटेत जालन्याहून समृद्धी महामार्ग धरला तर चालेल का? टायरचं काय बघायचं?

उत्तर : समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. बीड, गेवराई करत संभाजीनगर गाठा आणि तिथं मुक्काम करा. एका दिवसात अजिंठ्याचा हट्ट धरू नका.

हवा सकाळी टायर थंड असतानाच भरा, कंपनीनं सांगितलेल्या आकड्याएवढी. ऊन आहे म्हणून कमी भरायची किंवा तापलेल्या टायरची सोडायची, असं बरेच जण सांगतात, ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी एवढा जुना टायर दाखवून घ्या, रबराला भेगा असतील तर बदलाच.

पूर्ण बाह्या, हेल्मेटच्या आत ओला रुमाल, आणि दर तासाला थांबा. अजिंठ्याला गाडी फर्दापूरजवळ खाली ठेवून पुढं बसनं जावं लागतं. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ. शनिवारी निघालात तर रविवारी सकाळी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ करून परत फिरता येईल.