आठ वर्षांच्या मुलीसाठी सगळे सुपरहिरो एकत्र असलेलं, पण मारधाड नसलेलं कॉमिक सुचवाल का? सासूबाई म्हणतात कॉमिकने वाचनाची सवय बिघडते.

टायनी टायटन्स. डोळे झाकून घ्या. सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या डीसी या अमेरिकन प्रकाशनाचं आहे, आर्ट बाल्ताझार आणि फ्रँको या जोडगोळीने केलेलं. 2008 ते 2012 या काळात 50 अंक निघाले आणि मुलांसाठीच्या सर्वोत्तम प्रकाशनाचा आइस्नर हा कॉमिकांच्या जगातला मानाचा पुरस्कार 2009 आणि 2011 असा दोनदा मिळाला. पण खरं सांगायचं तर तुम्ही शेवटी 'सासूबाई म्हणतात कॉमिकने वाचनाची सवय बिघडते' असं जे लिहिलंय, ते वाचून मी उत्तर लिहायला बसले.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा दुसरीत असताना पुस्तक काढलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. लायब्ररीत त्याने आपणहून उचललेलं पहिलं पुस्तक म्हणजे याचा पहिला खंड. रॉबिन, स्टारफायर, रेव्हन, बीस्ट बॉय, सायबॉर्ग, वंडर गर्ल असे सगळे छोटे सुपरहिरो 'साइडकिक सिटी' नावाच्या गावातल्या प्राथमिक शाळेत शिकतात. मोठ्यांच्या कॉमिकांत टायटन्सच्या, म्हणजे याच टोळीच्या, जिवावर उठलेला खलनायक स्लेड इथे मुख्याध्यापक आहे. ज्याच्यापुढे सुपरमॅनचीही दमछाक होते तो डार्कसाइड शाळेत पोरांना जेवण वाढतो. रेव्हनचा बाप ट्रायगॉन, लालभडक राक्षस, बदली शिक्षक म्हणून वर्गावर येतो आणि रेव्हनला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिथे आमचा मुलगा थांबला, मान वर करून म्हणाला, "आई, तू वर्गात मदतीला येतेस ना, तेव्हा मलापण असंच होतं." वाचलेलं स्वतःशी जोडून पाहणं यालाच वाचन म्हणतात ना? त्याच्या बाईंनी नेमून दिलेल्या एकाही पुस्तकाने हे करून दाखवलं नव्हतं.

त्या वर्षी सुट्टीत नाशिकला ताईकडे गेलो. ताई माझी थोरली बहीण, शिक्षिका. तिने पुस्तक चाळलं, "चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे" म्हणत ते कपाटाच्या वर ठेवलं आणि त्याच्या हातात बोधकथा दिल्या. माझ्या मुलाच्या हातातलं पुस्तक, मला न विचारता! रात्री गाद्या घातल्यावर हा मावसभावंडांना तेच पुस्तक न बघता सांगायला लागला, तेही मोडक्यातोडक्या मराठीत. बीस्ट बॉय टेरा नावाच्या मुलीच्या मागेमागे करतो, ती त्याला दगड मारते आणि याला वाटतं आपण हिला आवडतो. पोरं हसून लोळत होती. या कॉमिकात संवाद जेमतेम असतात, निम्मी गंमत चेहऱ्यांवरून ओळखायची असते. ती ओळखून, क्रम लावून, दुसऱ्या भाषेत त्याने सांगितली. ताई दारात उभी राहून ऐकत होती. सकाळी म्हणाली, "सांगतो छान, पण ते वाचन नाही." निघताना पुस्तक मलाच स्टुलावर चढून काढावं लागलं.

तेव्हा सासूबाईंशी वाद घालत बसू नका, त्यांच्या शेजारी बसून मुलीला पानं वाचून दाखवायला सांगा. वाचायचा कंटाळा असलेल्या मुलाला बोधकथा देणं म्हणजे भूक नसलेल्याला कारलं वाढणं. आणि 'यातून काय शिकलीस?' हा प्रश्न घरात कुणालाही विचारू देऊ नका. माझी ताई आजही तो विचारते आणि तिच्या घरची पोरं आजही पुस्तकापासून लांब पळतात.

आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. सलग मोठी कथा यात नाही, दोन-चार पानांचे प्रसंग आहेत. मुलगी दहा-अकराची झाली की बहुधा तिला हे लहान मुलांचं वाटायला लागेल. इंग्रजी सोपं आहे, तरी शाब्दिक कोट्या पहिल्यांदा तुम्हाला समजावून द्याव्या लागतील. सुरुवात 'वेलकम टू द ट्रीहाउस' या पहिल्या खंडापासून करा, त्यात पहिले सहा अंक आहेत. तिला आवडलं, तर याच मंडळींची लिटल आर्ची (आर्ची कॉमिक्समधल्या आर्चीचं लहानपणीचं रूप) आणि त्याच्या मित्रांशी गाठ पडते ती तीन अंकांची मालिका पुढे शोधा.