एका ग्रॅमची फरशी

पाषाण, पुणे

अनेक आशीर्वाद.

लिथियम बॅटरीच्या अॅनोडसाठी, म्हणजे ऋण टोकासाठी, तू बनवलेल्या सिलिकॉन पावडरीचा आलेख पाहिला. पहिल्या डिस्चार्जला, म्हणजे लिथियम आत भरताना, ग्रॅममागे 3,100 एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमता, आणि नेहमीच्या ग्रॅफाइटची सैद्धांतिक मर्यादाच 372. आनंद होणारच, मलाही झाला. पण त्याच सायकलची कूलॉम्बिक एफिशियन्सी फोनवर सांगायची तू सोयीस्कर विसरलीस. 68 टक्के! आत गेलेल्या लिथियमपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा परत आलाच नाही.

गेला कुठे? तुझे कण 50 नॅनोमीटरचे. कागद घे. सिलिकॉनची घनता घन सेंटिमीटरला 2.33 ग्रॅम, कण अगदी गुळगुळीत गोल धरले तरी एका ग्रॅमचा पृष्ठभाग 50 चौरस मीटरच्या वर जातो. कोथरूडमधल्या वन-बीएचकेची सगळी फरशी, चिमूटभर पावडरीत! त्या फरशीवर इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला द्रव, विघटित होऊन एसईआय नावाचा पातळ थर बसतो आणि तो लिथियम खातो. वर सिलिकॉन पूर्ण चार्जला जवळजवळ चौपट फुगतो, मग आकसतो. थर तडकतो, नवा बसतो, पुन्हा लिथियम खर्च.

कण जितका बारीक तितका बरा, हे अर्धंच खरं. साधारण 150 नॅनोमीटरच्या खालचा स्फटिकी कण लिथियम भरताना तडकत नाही, हे 2012 सालीच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलंय. मग आणखी खाली उतरून फरशी कशाला वाढवतेस? 100च्या आसपासचे कण घेऊन बघ.

बाइंडर, म्हणजे कण फॉइलला धरून ठेवणारा गोंद, म्हणून पीव्हीडीएफ हे पॉलिमर सोड. ग्रॅफाइटला ते चालतं, एवढ्या फुगणाऱ्या कणाला धरून ठेवायला कमी पडतं. सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) घे. ते पाण्यात विरघळतं आणि त्यातले कार्बॉक्सिल गट सिलिकॉनवरच्या ऑक्साइडला धरतात. इलेक्ट्रोलाइटमध्ये एसईआय टिकाऊ करणारं एफईसी (फ्लुओरोइथिलीन कार्बोनेट) घालतेस ना?

पाण्यावरून माझा एक जुलै आठवला. फॉइलवरचा थर दिसायला ठणठणीत कोरडा. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर ठेवायचा मी कंटाळा केला, दोन तासांत काढला. ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे सेल जोडायच्या कोरड्या बंद पेटीत, नेल्यावर ओलाव्याचा आकडा भराभर चढला, तरी रेटून बारा सेल बंद केले. पुढे तीन आठवडे त्यांचे आलेख बघून मी बिचाऱ्या बाइंडरला शिव्या घालत होतो. परवा तुझ्या वहीत वाळवण्याची वेळ दिसली नाही, म्हणून सांगतोय.

आणि हाफ सेलवर, म्हणजे तुझ्या या चाचणीच्या सेलवर, भुलू नकोस. तिथे समोर लिथियमची अख्खी चकती असते, आजोळच्या आजीसारखी. कितीही उधळलं तरी तिचा हात आखडत नाही. फुल सेलमध्ये, म्हणजे खऱ्या बॅटरीत, लिथियम कॅथोडमधून (धन टोकातून) मोजून येतं. दर सायकलला 99 टक्के म्हणजे परीक्षेत झकास गुण, पण शंभर सायकलींनंतर हाती उरतात जेमतेम 37 टक्के.

शनिवारी ये. येताना चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम सिलिकॉन बसलंय, ते वजन करून आण. अर्ध्या मिलिग्रॅमचा पातळ थर लावून 3,000 मीही दाखवीन.