नोव्हेंबरमध्ये मालवणहून खोल समुद्रात गळाने मासेमारीला जायचं आहे. सध्या समुद्र कसा आहे, काय लागतंय? सेलफिश मिळेल का?

सेलफिशचं आधी सांगतो: त्याच्या भरवशावर होडीचे पैसे मोडू नका. आमच्या समुद्रात तो आहे, अधूनमधून लागतोही, पण ठरवून नाही. सुरमईसाठी या.

पाणी आता निवळलंय. सकाळी ट्रोलिंगला (चालत्या होडीमागे गळ ओढत) सुरमई बऱ्यापैकी लागतेय, बहुतेक तीन ते पाच किलोंची. गेदरचे (ट्यूनाचे) थवे तारलीमागे पाणी उसळवताना दिसतात. निवतीसमोर वेंगुर्ला रॉक्सच्या बाजूला कोकर आणि दागोळ आहेत. तळाला जिग (वर-खाली झटके देत नाचवायचं धातूचं आमिष) टाकून मात्र नुसते हात दुखून येतायत. लागलंच तर एखादं बारकं हेकरू (तळाचा मासा).

यात तांडेलाचा (होडी चालवणाऱ्याचा) दोष नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर सरकतं. त्याच्यावर पावसाचं आणि नद्यांचं हलकं, गोडसर पाणी झाकणासारखं बसतं, त्यामुळे वरची हवा खाली मिसळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर काही ठिकाणी तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर हे अनेक वर्षं मोजलंय. तळचा मासा अशा पाण्यातून बाजूला सरकतो; वरच्या थरात पोहणाऱ्या सुरमई-गेदरचं काही अडत नाही. पुढे किनाऱ्यालगतचा प्रवाह उलटून दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहू लागला की तळ हळूहळू सुधारतो. हेकरू, तांबोशी हवी असेल तर डिसेंबर उजाडू द्या. जिगिंगसाठीच येणार असाल तर तारीख सरळ पुढे ढकला.

‘खोल समुद्र’ म्हणजे किती खोल, हेही आधी विचारून घ्या. एका दिवसाच्या फेरीत तुम्ही तीस-चाळीस मीटर पाण्यात असता. दोनशे मीटरची कड, जिथून तळ एकदम खोल उतरतो, फार लांब आहे, आणि विजयदुर्गासमोरची आंग्रिया बँक (समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार) शंभरेक किलोमीटरवर. फायबरच्या छोट्या होडीतून तिथे नेतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. पहाटे मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) वारा असतो, पाणी सपाट. दुपारी वायव्येकडून खारा वारा धरतो आणि लाटा तुटायला लागतात. म्हणून उजाडायच्या आधी निघायचं, बाराच्या आत परत. ‘नऊला आरामात निघू’ म्हणणारा तुम्हाला समुद्र दाखवायला नेतोय, मासे मारायला नाही. तिथीही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त असते आणि पाणी गढुळतं. अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा) ते एकदम मंद होतं. मला या दोन्हींच्या मधले दिवस आवडतात.

खरी काळजी कमी दाबाच्या पट्ट्याची. अरबी समुद्रात ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वादळांचाही हंगाम आहे. 2009 च्या नोव्हेंबरातलं फयान कोकणातला कुठलाही मच्छीमार विसरलेला नाही, आणि 2019 मध्ये क्यार आणि महा पाठोपाठ आली. बंदरावर तीन नंबरचा बावटा (खराब हवामानाचा इशारा) लागला की विषय संपला, कितीही ऊन पडलेलं असो. आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉईसचा (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) लाटांचा अंदाज बघा. लाटांच्या उंचीबरोबर दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत दिलेलं असतं, तेही वाचा. मीटरभर लाट बारा सेकंदांनी येत असेल तर होडी आरामात झुलते; तीच पाच सेकंदांनी आली तर पोटातलं सगळं बाहेर.

सामानात एकच गोष्ट अडून सांगेन: सुरमईसाठी तारेचा लीडर (गळाला लागून असलेला दोरीचा शेवटचा तुकडा). तिच्या दातांपुढे जाड नायलॉनही टिकत नाही, आणि हजार-बाराशेचं लूर (नकली मासा) गेलं की दिवसभर चिडचिड होते. खोल जाणारं लूर चार-पाच नॉटने ओढा. आमिष म्हणून तारली किंवा माकूल (स्क्विड) बंदरावरच मिळते.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा गळ कुठे टाकायचा ते तांडेलाला विचारून ठरवा. मोठी मुशी (शार्क) किंवा वागळी (रे मासा) लागली तर वर न ओढता दोर कापा. त्यांतल्या काही जाती वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि होडीत घेतल्यावर ओळख पटवत बसण्यात अर्थ नाही.

मासा कोणाचा, हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या. काही होड्यांवर सगळा गिऱ्हाइकाचा, काहींवर अर्धा होडीचा. बर्फाची पेटी मात्र स्वतःची न्या.