व्हॉलीबॉलवेड्या मुलाच्या बाबांना

नमस्कार.

तुमचं सविस्तर पत्र मिळालं. तुम्ही एसटीत वाहक आहात. मुलगा तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय सांख्यिकी. विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ व्हॉलीबॉल खेळून आला, पण उंची पाच फूट आठ इंचांवर थांबली. रात्री जागून मोबाइलवर युरोपातल्या क्लबांचे सामने बघतो आणि १९६० पासून आजवर युरोपचा चषक कुणी कुणी जिंकला ते त्यानं वहीत लिहून काढलंय. ‘मला यातच काहीतरी करायचंय,’ याच्या पुढे बोलत नाही. तुम्ही विचारलंय, ही यादी पाठ करून पोट भरणार आहे का? आणि शेवटी त्या एजंटाबद्दल विचारलंय, जो युरोपात चाचणी मिळवून देतो म्हणून पैसे मागतोय.

यादी पाठ करून पोट भरत नाही, हे खरं. पण वही ठेवून द्यायला लावू नका. उलट त्याला त्या यादीत आणखी एक रकाना आखायला सांगा: त्या त्या वर्षी या खेळाडूंचा पगार कोण देत होतं? हा रकाना भरला की तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्याच वहीत सापडेल.

पहिलं नाव असेल मॉस्कोच्या सीएसकेएचं. १९५९-६० च्या हंगामात ही स्पर्धा सुरू झाली आणि पहिला चषक त्यांनी नेला. १९९१ पर्यंत त्यांनी तो एकूण तेरा वेळा जिंकला आणि आजही तेवढे चषक कुणाकडे नाहीत. सीएसकेए हा सोव्हिएत सैन्याचा क्लब. तिथले खेळाडू कागदोपत्री हौशी होते, पण हुद्दा आणि पगार सैन्याचा. १९६१, १९६३ आणि १९६५ चा विजेता बुखारेस्टचा रॅपिड हा रेल्वेवाल्यांचा क्लब. त्याच शहरातला दिनामो गृहखात्याचा. १९७० आणि १९७१ चा विजेता बुरेव्हेस्तनिक हा विद्यार्थ्यांच्या क्रीडासंघटनेचा, आणि गाव कुठलं तर अल्माटी, म्हणजे आजच्या कझाकस्तानातलं, थेट आशियातलं. १९७६ ला जिंकलेला चेकोस्लोव्हाकियाचा दुक्ला लिबेरेत्स पुन्हा सैन्याचाच. १९७८ ला पोलंडचा प्वोमियेन मिलोवित्से जिंकला, तो कोळसा खाणीच्या वस्तीतला.

आता आपल्याकडे बघा. रेल्वे, सेनादल, पोलीस, टपाल खातं, सरकारी तेल कंपन्या, बँका. भारतात व्हॉलीबॉलपटूला स्थिर पगार आजही प्रामुख्याने इथूनच मिळतो. युरोपातली ती पद्धत १९९० नंतर मोडली, आपल्याकडची अजून चालू आहे. तुमच्या मुलाच्या दृष्टीनं ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

मोडली कशी, तेही बघण्यासारखं आहे. १९८० ला इटलीच्या तोरिनोचा संघ जिंकला आणि पहिल्यांदा हा चषक पश्चिम युरोपात आला. त्या संघाच्या नावात ‘क्लिप्पान’ हे प्रायोजकाचं नाव होतं. १९८४ आणि १९८५ ला पार्मा जिंकलं ते ‘सांताल’ या फळांच्या रसाच्या नावानं. सोव्हिएत संघराज्य कोसळलं आणि १९९२ ते २००० अशी सलग नऊ वर्षं चषक इटलीबाहेर गेलाच नाही: तीनदा रावेन्ना, तीनदा मोदेना, तीनदा त्रेविझो. १९९२ च्या रावेन्नात तर अमेरिकेचा कार्च किराय खेळत होता. एवढ्या मोठ्या खेळाडूला समुद्रापलीकडून एका मध्यम आकाराच्या गावात आणण्याइतका पैसा तिथल्या उद्योगांनी ओतला होता.

त्रेविझोवर मुलानं थोडं थांबावं. बेनेटन या कपड्यांच्या उद्योगसमूहानं ‘सिस्ले’ या आपल्या नावावर तो संघ पोसला. १९९५, १९९९, २००० आणि २००६ असे चार चषक. मग मालकांनी हात काढून घेतला आणि २०१२ ला संघ बंद पडला. सीएसकेएचंही तेच झालं. तेरा चषक कपाटात असताना २००९ मध्ये त्यांचा व्हॉलीबॉल संघ विसर्जित झाला. हे घाबरवायला सांगत नाही. तुमच्या मुलाला ज्या क्षेत्रात जायचंय तिथं नोकरी देणारा दहा वर्षांनी असेलच असं नाही, म्हणून स्वतःचं कौशल्य असं हवं की ते घेऊन दुसऱ्या दारात उभं राहता येईल. यासाठी सांगतो.

२००१ पासून या स्पर्धेला चॅम्पियन्स लीग म्हणतात. पुढे रशियातल्या कंपन्यांचा पैसा आला. काझानच्या झेनितनं २०१५ ते २०१८ सलग चार चषक नेले. २०२२ च्या युद्धानंतर रशियन क्लबांना या स्पर्धेचं दारच बंद झालं. पण मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो पोलंडचा झाक्सा. केंजेझिन-कोझ्ले हे साठ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, तिथं नायट्रोजन खताचा मोठा कारखाना, आणि संघ त्या कारखान्याच्या आधारानं उभा. पोलंडला १९७८ नंतर त्रेचाळीस वर्षं हा चषक मिळाला नव्हता. झाक्सानं तो २०२१, २०२२ आणि २०२३ असा तीनदा ओळीनं जिंकला. २०२१ ला आणि २०२२ ला अंतिम सामन्यात समोर त्रेंतिनोसारखा मुरलेला इटालियन संघ होता. २०२३ ला समोर पोलंडचाच, कोळसा कंपनीचा संघ, यास्त्शेंब्स्की वेंगिएल. तो सामना पाच सेटपर्यंत गेला.

आणि या तीन विजयांत प्रशिक्षक तीन वेगळे. पहिल्या वर्षी सर्बियाचा निकोला ग्रबिच, दुसऱ्या वर्षी रोमानियाचा जॉर्जे क्रेत्सू, तिसऱ्या वर्षी फिनलंडचा तुओमास सामेल्वुओ. प्रशिक्षक बदलत गेले तरी संघ जिंकत राहिला, कारण मागे माणसांची एक फळी होती: सहप्रशिक्षक, फिजिओ, शारीरिक तयारी करून घेणारा, आणि सामन्याची आकडेवारी नोंदवणारा. हा शेवटचा माणूस तुमच्या घरात बसलाय असं मला तुमचं पत्र वाचताना वाटलं.

खेळाडू म्हणून युरोपाचा विचार असेल तर मी स्पष्ट सांगतो, अवघड आहे. १९९८ ला लिबेरोची जागा आली, म्हणजे फक्त बचाव करणारा, वेगळ्या रंगाचा शर्ट घालणारा खेळाडू. त्यामुळे बुटक्या मुलांना वाट मिळाली असं आपल्याकडे म्हणतात. पण २०२५ ला इटलीच्या पेरूजानं चषक जिंकला त्या संघातला लिबेरो मास्सिमो कोलाची १८० सेंटिमीटर आहे आणि तिथं तो बुटका गणला जातो. तुमचा मुलगा १७३. मुलानं खेळ सोडू नये, लिबेरो म्हणून जरूर खेळावं, पण त्यातून नोकरी बघायची ती भारतात.

ती अशी. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वेचे विभागही खेळाडू कोट्याच्या जाहिराती काढतात. नुसतं सहभागाचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी पुरत नाही, क्रमांक लागतो. म्हणून उरलेल्या दीड वर्षात संघासोबत आंतरविद्यापीठ आणि राज्य पातळीवर पदक मिळवायचा जीव तोडून प्रयत्न करू दे. असलेली प्रमाणपत्रं क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यायची असतात. ते काम जाहिरात निघाल्यावर करू म्हणू नका, आत्ताच जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा.

आता सांख्यिकी. वरच्या पातळीवर सामना चालू असताना मैदानाच्या मागे एक माणूस लॅपटॉप घेऊन बसलेला असतो. चेंडूला हात लागला की तो टंकतो: खेळाडूचा क्रमांक, मग कृतीचं अक्षर (सर्व्हिस, रिसेप्शन म्हणजे समोरची सर्व्हिस घेणं, सेट, स्मॅश, ब्लॉक, डिग म्हणजे समोरचा स्मॅश उचलणं), मग दर्जाचं चिन्ह, अगदी उत्तम असेल तर वेगळं आणि चूक असेल तर वेगळं. चेंडू कुठून आला आणि कुठे पडला यासाठी मैदानाचे भाग पाडलेले असतात. पुढची सर्व्हिस व्हायच्या आत हे सगळं लिहून झालेलं असतं. त्यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सॉफ्टवेअर डेटा व्हॉली, तेही इटलीतलंच. समोरच्या संघाचं रिसेप्शन चांगलं आलं तर सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा, चेंडू मधल्या खेळाडूला देतो का, वाईट आलं तर डोळे झाकून चार नंबरला, म्हणजे जाळ्याजवळच्या डाव्या टोकाला, टाकतो का, हे दुसऱ्या सेटपर्यंत प्रशिक्षकाच्या हातातल्या टॅबवर आलेलं असतं आणि ब्लॉक त्यावर ठरतो.

हे काम खेळ न खेळलेल्या माणसाला पटकन जमत नाही, आणि सांख्यिकी न शिकलेल्याला त्याचा अर्थ लावता येत नाही. तुमच्या मुलाकडे दोन्ही आहे. सॉफ्टवेअर विकत घ्यायची घाई करू नका. त्याला त्याच्याच विद्यापीठाचे सामने मोबाइलवर चित्रित करू दे, एक्सेलमध्ये प्रत्येक स्पर्शाची नोंद करू दे आणि एकाच प्रश्नाचं उत्तर काढू दे: आपला सेटर दबावाखाली कुणाला चेंडू देतो? सोबत आर किंवा पायथन ही संगणकाची भाषा शिकू दे. आर भाषेत व्हॉलीबॉलच्या या नोंदी वाचणारं मोफत पॅकेजही आहे. असं थोडं काम हातात आलं की विद्यापीठाच्या प्रशिक्षकांना दाखवावं, मग आपल्याकडच्या प्राइम व्हॉलीबॉल लीगच्या संघांना लिहावं. ही लीग २०२२ ला सुरू झाली. तिचा २०२३ चा विजेता अहमदाबाद डिफेंडर्स त्याच वर्षी आशियाई क्लब स्पर्धेत बहारीनच्या मनामाला खेळला आणि डिसेंबरमध्ये बंगळुरूच्या जागतिक क्लब स्पर्धेतही उतरला. तीच स्पर्धा पेरूजानं जिंकली. या संघांना नोंदी ठेवणारी माणसं लागतात. हंगाम थोड्या आठवड्यांचा असतो, त्यामुळे वर्षभराचा पगार यातून सुटणार नाही हे धरून चाला. पण हीच विद्या क्रिकेट, कबड्डी आणि कुठल्याही डेटाच्या नोकरीत चालते, म्हणून पदवी अर्धवट सोडायची नाही आणि जमलं तर एम.एस्सी. सांख्यिकी करायचं.

प्रशिक्षक व्हायची ओढ असेल तर पदवीनंतर बी.पी.एड.ची, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीची, राज्याची सीईटी आहे, आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षण पदविका अभ्यासक्रम आहे. शाळेतल्या नोकरीसाठी पहिलं, मैदानावरच्या प्रशिक्षकपदासाठी दुसरं.

एजंटाबद्दल. पैसे देऊ नका. परदेशी क्लबकडून खेळायला आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र लागतं आणि ते दोन्ही देशांच्या महासंघांमार्फत होतं. क्लबला खेळाडू हवा असेल तर क्लब खेळाडूला पैसे देतो. केरळ पोलिसातला जिमी जॉर्ज ऐंशीच्या दशकात इटलीत खेळायला गेला तो त्याचा स्मॅश बघून नेला म्हणून. १९८७ मध्ये तिथंच अपघातात गेला, तर मोंतिकियारी गावानं आपल्या क्रीडागृहाला त्याचं नाव दिलं. या माणसाकडे क्लबचं लेखी पत्र, क्लबच्या स्वतःच्या पत्त्यावरून आलेलं, आहे का ते विचारा. काही रक्कम आधीच दिली असेल तर पावती, बँकेची नोंद आणि मोबाइलवरचे संदेश जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.